स्मृतीचा अधिकार : ब्र्नोचे रोमानी संस्कृती संग्रहालय

सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतीय उपखंडातून पश्चिमेकडे गेलेल्या आणि मराठीप्रमाणेच इंडो-आर्य कुळातील रोमानी भाषा जपणाऱ्या रोमा समाजाकडे युरोपातील राज्यसंस्थांनी दीर्घकाळ केवळ बंदोबस्ताचा विषय म्हणून पाहिले. नाझी जर्मनीने १९३९ मध्ये बोहेमिया व मोराविया हे चेक प्रांत ताब्यात घेतल्यानंतर १९४२-४३ मध्ये लेती आणि होदोनीन येथे रोमांसाठी छावण्या चालविण्यात आल्या. तेथे पहारा चेक पोलिसांचाच होता, आणि त्या छावण्यांत झालेल्या मृत्यूंमुळे व आउश्विट्झला झालेल्या रवानगीमुळे या प्रांतांतील मूळ रोमा समाज जवळजवळ नामशेष झाला.

युद्धोत्तर साम्यवादी राजवटीने १९५८ च्या कायद्याने भटकंतीवर बंदी घातली आणि सात्मीकरणाचे, म्हणजे रोमांनी वेगळी ओळख सोडून बहुसंख्याकांत विरून जावे असे, धोरण राबविले. १९६९ मध्ये स्थापन झालेली रोमांची संघटनाही १९७३ मध्ये बंद पाडण्यात आली. तथापि हिंदीच्या अभ्यासातून रोमानीकडे वळलेल्या मिलेना ह्यूब्श्मानोव्हा यांनी याच काळात रोमांच्या लोककथा आणि आठवणी नोंदवून ठेवल्या.

राजवट कोसळल्यानंतर, १९९१ मध्ये, रोमा बुद्धिजीवींनी ब्र्नो शहरात रोमानी संस्कृती संग्रहालय स्थापन केले आणि २००५ पासून ती शासकीय संस्था झाली. कारागिरांची अवजारे, वेशभूषा, छायाचित्रे आणि छावण्यांतून वाचलेल्यांच्या साक्षी यांचा संग्रह करणाऱ्या या संस्थेने, ज्यांच्याविषयी आजवर केवळ पोलिसांच्या दप्तरातून लिहिले गेले होते त्यांना स्वतःच्या इतिहासाचे कथन करण्याचा अधिकार मिळवून दिला. लेतीच्या छावणीच्या जागेवर १९७० च्या दशकात उभारलेले वराहपालन केंद्र दीर्घ आंदोलनानंतर शासनाने विकत घेऊन ती जागा या संग्रहालयाकडे सोपविली. २०२२ मध्ये केंद्र पाडण्यास सुरुवात झाली आणि २०२४ मध्ये तेथे स्मारक खुले झाले.

संग्रहालयाने शाळा, घरे आणि रोजगार यांतील भेदभाव आपोआप मिटत नाही. रोमा मुलांना प्रमाणाबाहेर विशेष शाळांत धाडणे हा भेदभावच असल्याचा निर्णय युरोपीय मानवाधिकार न्यायालयाला २००७ मध्ये चेक प्रजासत्ताकाविरुद्ध द्यावा लागला. परंतु ज्या समाजाच्या मृतांना राष्ट्राच्या शोकात स्थान नसते, त्याच्या जिवंत पिढीला समान नागरिकत्व केवळ कागदावर मिळते. म्हणूनच अल्पसंख्याकांच्या समावेशनात सांस्कृतिक संस्थांचे कार्य शोभेचे नसून पायाभूत आहे, आणि अशा संस्थांची सूत्रे त्या समाजाच्याच हाती असणे ही त्या कार्याची पहिली अट आहे.