विजेचा हिशेब

पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या सडकेनें थोडें पुढें गेलें, म्हणजे कर्नाळ्याच्या सुळक्याच्या अलीकडे शिरढोण हें गांव लागतें. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म येथें ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं झाला, म्हणून महाराष्ट्रास या गांवाचें नांव ठाऊक आहे. पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यांत कारकुनी करणाऱ्या या पुरुषानें १८७९ सालीं बंडाचें निशाण उभारलें. त्याच वर्षीं ते पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या बंदिवासांत त्यांचा अंत झाला. या चरित्राचा विजेशीं कांहीं संबंध आहे असें कोणासही वाटणार नाहीं, आणि प्रत्यक्ष तसा तो नाहींही. परंतु १८४५ ते १८८३ या अडतीस वर्षांतच विजेचा हिशेब युरोपांत पक्का झाला. आणि पुढें त्याच हिशेबाच्या बळावर सह्याद्रीची वीज या कोंकणपट्टींतून मुंबईस गेली. तो हिशेब काय होता, हें पाहणें उद्बोधक आहे.

आरंभ थोडा मागचा आहे. जर्मनींतील शाळामास्तर जॉर्ज ओहम यानें १८२७ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तारेच्या दोन टोकांमधील विद्युद्दाब वाढविला, तर तींतून वाहणारा प्रवाह त्याच प्रमाणांत वाढतो; दाबास प्रवाहानें भागिलें असतां जें येतें, तो त्या तारेचा रोध, हें त्याच्या सिद्धांताचें सार. स्वदेशांत प्रथम त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीनें कोप्ले पदक देऊन त्याचा गौरव केला, तो १८४१ सालीं. त्याच वर्षीं जूल यानें दाखवून दिलें कीं, तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणांत असते. १८४५ मध्यें, म्हणजे शिरढोणास वासुदेव बळवंत जन्मले त्या वर्षीं, किर्खोफ या तरुण विद्यार्थ्यानें अनेक फांट्यांच्या मंडलास हा नियम कसा लावावा तें सांगितलें.

नियम झाले, तरी मापें ठरावयाचीं होतीं. जेथें शेर-पायली गांवोगांवीं निराळी, तेथें व्यापार अडतो; विजेचेंही तसेंच झालें होतें. १८८१ सालीं पॅरिस येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें दाबास व्होल्ट, प्रवाहास अँपियर व रोधास ओहम हीं नांवें मान्य केलीं. पुढच्याच वर्षीं सीमेन्स यानें शक्तीच्या मापास वॉट हें नांव सुचविलें.

आतां हिशेब पाहूं. एका दिव्यास २२० व्होल्टांचा दाब दिला आणि मापकानें अर्धा अँपियर प्रवाह दाखविला, असें समजा. २२० ला अर्ध्यानें भागिलें, म्हणजे रोध ४४० ओहम. २२० ला अर्ध्यानें गुणिलें, म्हणजे शक्ति ११० वॉट. एका भागाकारानें वस्तूचा स्वभाव कळतो, एका गुणाकारानें तिचा खर्च. मात्र हा रोध पेटलेल्या दिव्याचा होय. दिव्याची तार थंड असतां तिचा रोध पुष्कळच कमी असतो. तपमान स्थिर असेल तरच रोध स्थिर, ही अट विसरतां कामा नये.

या सोप्या गणिताचें महत्त्व खोपोलीस दिसून आलें. जमशेटजी टाटा यांची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर, १९१५ सालीं, फलद्रूप झाली. लोणावळ्याच्या परिसरांतील तलावांचें पाणी घाटाखालीं सुमारें १,७२५ फूट उतरवून खोपोलीस वीज होऊं लागली, आणि ती सुमारें ४३ मैलांवर मुंबईच्या गिरण्यांना पोंचविण्यासाठीं दाब योजिला एक लक्ष व्होल्ट! एवढा भयंकर दाब कशासाठीं? सोयीकरितां आकडे कल्पूं. १०,००० किलोवॉट शक्ति पाठवावयाची आहे आणि जाण्यायेण्याच्या तारांचा रोध २० ओहम आहे. दाब एक लक्ष व्होल्ट असेल, तर प्रवाह १०० अँपियर. तारेंतील नुकसान १०० चा वर्ग गुणिले २०, म्हणजे २०० किलोवॉट, शेंकडा दोन. दाब १०,००० च व्होल्ट ठेविला, तर प्रवाह १,००० अँपियर लागेल. आणि तो २० ओहममधून ढकलावयास २०,००० व्होल्ट पाहिजेत, म्हणजे मूळ दाबाच्या दुप्पट! योजनाच अशक्य. खरी योजना त्रिकला प्रवाहाची असल्यानें तिचें गणित याहून किचकट असतें, पण तत्त्व हेंच.

परंतु याच गणितांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. एक लक्ष व्होल्टांच्या तारेस कोणा खेडुतास दिवा जोडतां येत नाहीं. दाब उतरविणारें खर्चिक केंद्र मध्यें बांधावें लागतें. म्हणून असली तार ज्या शेतांवरून जाते, त्यांचा अंधार तिच्यानें आपोआप हटत नाहीं. आणि वीज जेथून निघते, तेथील कथा तर याहून कठीण. भिऱ्याच्या वीजगृहासाठीं मुळशीस धरण होऊं लागलें, तेव्हां जमिनी बुडणार म्हणून मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापटांनीं त्यासाठीं कारावास भोगला, लढा १९२४ पर्यंत चालला, धरण झालेंच.

मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या व सहस्रावधि लोकांस अन्न मिळालें, हेंही तितकेंच खरें; तें नाकारणें अन्यायाचें होईल. माझें म्हणणें एवढेंच कीं, तारेंत शेंकडा दोन वाया जातात हें आपण काटेकोरपणें मोजतों. मग पाण्याखालीं गेलेल्या शेतांची नोंद त्याच वहींत कां नसावी? हिशेबखात्यांत राहून ज्याला देशाच्या दारिद्र्याची बाकी दिसली, त्या शिरढोणच्या कारकुनानें ती खचितच मागितली असती.