पारवा, कबूतर आणि परसातील कोंबडी

मराठीत पारवा आणि कबूतर हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु दोहोंत भेद आहे, आणि तो ध्यानी घेतल्यावाचून ह्या शौकाचा इतिहास कळावयाचा नाही. पारवा हे संस्कृत 'पारावत' शब्दाचे रूप. देवळाच्या शिखरात, विहिरीच्या कोनाड्यात, किल्ल्याच्या पडक्या तटात तो आपण होऊन राहतो. कबूतर हा शब्द फारसीतून आला, आणि शौकिनांच्या तोंडची बरीचशी परिभाषाही त्याच वाटेने आली. लक्का, लोटन, शिराजी, मुक्खी, गिरेबाज ही पाळीव कबुतरांची नावे होत. असे पक्षी रानात कोठेही आढळत नाहीत. माणसाने ते घडविले, आणि माणसाने त्यांची निगा सोडली की ते नाहीसे होतात. ह्या एका गोष्टीमुळेच हा शौक केवळ रिकामपणचा उद्योग ठरत नाही, असे आमचे मत आहे.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. अशा पक्ष्यांच्या प्रकारांस मराठीत 'जात' म्हणण्याचा परिपाठ आहे. परंतु ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत तो शब्द पदोपदी आल्यास वाचकांचा घोटाळा व्हावयाचा. म्हणून आम्ही 'वाण' हा शब्द योजिला आहे. आणखी असे की, आपल्यातील काही घरांत कोंबडीचे नावही काढलेले चालत नाही. त्यांनी कबुतरांपुरते वाचून बाकीचे पान उलटावे. आम्हांस वाईट वाटणार नाही.

मोगल घराण्यास कबुतरांचे वेड पिढीजात होते. बाबराचा पिता उमर शेख मिर्झा इ. स. १४९४ मध्ये मरण पावला तो रणांगणावर नव्हे, तर अख्सी येथील दरडीवर बांधलेली कबुतरांची ढाबळ कोसळून तिच्यासह दरीत पडल्याने. ही हकीकत बाबराने स्वतःच लिहून ठेविली आहे. त्याचा नातू अकबर ह्याने तर ह्या शौकास 'इश्कबाजी' असे गोड नाव दिले. अबुल फजलाच्या 'आइने-अकबरी'त ह्या विषयावर स्वतंत्र प्रकरण असून, दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती व त्यांपैकी पाचशे खाशी होती, अशी नोंद आहे. इराण व तुराणच्या राजांकडून नजराणे येत. बादशहाची स्वारी निघाली की ढाबळीही बरोबर निघत. उत्तम खाशे कबूतर आकाशात पंधरा चरख व सत्तर बाजी, म्हणजे दोन तऱ्हांच्या कोलांट्या, करून दाखवी असे तो सांगतो. परंतु ह्या सर्व थाटापेक्षा आम्हांस एक नोंद अधिक मोलाची वाटते. निरनिराळ्या वाणांचा संकर करून बादशहाने पक्ष्यांत आश्चर्यकारक सुधारणा घडवून आणल्या, असे अबुल फजल लिहितो. स्तुतिपाठकाची अतिशयोक्ती वगळली तरी जोड्या लावून, निवड करून पक्षी घडविण्याचे काम त्या काळी जाणूनबुजून चालले होते, हे ह्यावरून सिद्ध होते.

असे काम कबुतरांच्या बाबतीत सुकर होण्याचे कारण त्यांच्या स्वभावात आहे. नरमादीची जोडी एकदा जमली की बहुधा जन्मभर टिकते. मादी दोन अंडी घालते, दोघे आळीपाळीने ती सुमारे अठरा दिवस उबवितात, आणि पिलांस आपल्या गळ्यातील पिशवीत तयार होणारे दुधासारखे खाद्य दोघेही भरवितात. त्यामुळे एकाच ढाबळीत चार वाण नांदले तरी प्रत्येकाचा वंश शुद्ध राहू शकतो. कोंबडीचे तसे नाही. तिला वेगळे कोंडल्यावाचून वंशाची खात्री देता येत नाही, आणि दुसरा कोंबडा लागला असल्यास पुढील दोनतीन आठवड्यांच्या अंड्यांवरही भरवसा ठेवता येत नाही.

ह्या दरबारी शौकाचा उपयोग पुढे शास्त्रास झाला. चार्ल्स डार्विन ह्या आंग्ल शास्त्रज्ञाने १८५५ साली आपल्या घरी कबुतरे पाळण्यास आरंभ केला. तो लंडनच्या दोन कपोतमंडळांचा सभासद झाला आणि विणकर, कारागीर अशा सामान्य शौकिनांच्या पंगतीस बसून त्यांचे अनुभव त्याने टिपून घेतले. पांढरे लक्के आणि काळी 'बार्ब' कबुतरे ह्यांचा त्याने संकर केला, तेव्हा तपकिरी-काळी ठिपकेदार पिले निघाली. त्यांची पुन्हा आपसांत जोडी लावता एक नातवंड असे निघाले की, निळसर अंग आणि पंखांवर दोन काळे पट्टे असा तो हुबेहूब रानचा पारवाच! साधारण कबुतरास शेपटीची बारा-चौदा पिसे असतात, लक्क्यास तीस-चाळीस. तरीही लक्क्याच्या रक्तात पारवा दडलेला होता. सर्व पाळीव कबुतरे एका पारव्यापासून निघाली, हा सिद्धान्त त्याने १८५९ च्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात मांडला आणि तेथे अकबराच्या वीस हजार कबुतरांचा उल्लेख केला. गंमत अशी की, छापण्यापूर्वी हस्तलिखित वाचणाऱ्या प्रकाशकाच्या सल्लागाराने, बाकीचे सोडून कबुतरांवरच पुस्तक लिहावे, असे सुचविले होते!

डार्विनला हिंदुस्थानातून कबुतरांची कातडी पाठविणारा गृहस्थ वॉल्टर एलियट हा मद्रास इलाख्यातील अधिकारी होता. आपल्याकडील वाचकांस ह्याचे नाव ठाऊक असावयास हवे. १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या उठावात कैदेत पडलेला एलियट तो हाच. आणि दक्षिण मराठा मुलुखातील सस्तन प्राण्यांची यादी १८३९ मध्ये प्रसिद्ध करणाराही हाच.

कोंबडीच्या बाबतीत मात्र डार्विनचा निर्णय पुढे थोडा बदलावा लागला. सर्व कोंबड्या एकट्या तांबड्या रानकोंबड्यापासून झाल्या असे त्याचे मत होते. परंतु २००८ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, अनेक पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा पिवळेपणा हा बहुधा राखी रानकोंबड्याकडून आला आहे. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवतो तोच. जगभराच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या पिवळ्या पायांच्या कोंबडीत आपल्या दक्षिणी रानाचा एवढा अंश आहे.

विलायतेत १८४० नंतर कोंबड्यांचे वेड असे काही पसरले की त्यास 'कोंबडीज्वर' असे नावच पडले. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात पहिले मोठे प्रदर्शन भरले. ह्या ज्वरात ज्या वाणांनी लोकांस भुरळ घातली त्यांची नावे 'कोचीन' आणि 'ब्रह्मा'. ही ऐकून आपली छाती फुगावी. पण कोचीन हा केरळातील बंदराचा पक्षी नसून चीनचा आहे, आणि ब्रह्मपुत्रेवरून नाव घेतलेल्या ब्रह्माचे पूर्वजही मुख्यतः शांघायहून आलेले. उलट जो पक्षी खरोखर आपला, त्या असीलाचे नाव मागे पडले. असील म्हणजे अस्सल, शुद्ध कुळीचा. ह्या झुंजार पक्ष्यापासून इंग्लंडात कॉर्निश हा वाण तयार झाला; १९४८ च्या अमेरिकेतील 'उद्याची कोंबडी' ह्या स्पर्धेत कॉर्निशच्या संकराने बाजी मारली, आणि आजची मांसाची ब्रॉयलर कोंबडी ही बव्हंशी त्याच परंपरेतली. झुंजी लावणे १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. परंतु झुंज बंद होणे वेगळे आणि असील नाहीसा होणे वेगळे.

वाण नाहीसे कसे होतात? राजाश्रय सुटला की एका दिवसात. लखनौचा नबाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये पदच्युत झाला, तरी कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे त्याने कबुतरांचा व इतर पशुपक्ष्यांचा मोठा संग्रह पुन्हा उभा केला. १८८७ मध्ये तो वारला आणि संग्रह पांगला. जे राहिले ते गल्लीबोळांतील गच्च्यांवर. ह्या गच्चीवरच्या शौकिनांस आम्ही शाळेत चांगले ओळखत होतो. त्यांतील कित्येकांना त्रैराशिक साधत नसे. परंतु अमक्या नराशी तमकी मादी जोडली तर पिले कोणत्या रंगाची निघतील, हे ती मुले बिनचूक सांगत.

दुसरा मार्ग रोगाचा, आणि तो आपल्या अगदी दाराशी आहे. नंदुरबार–नवापूरकडील भागात आणि लगतच्या गुजरातेत 'बुसरा' नावाचा गावठी कोंबड्यांचा वाण आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन संस्थेने त्याची नोंद केलेली आहे. २००६ च्या फेब्रुवारीत देशातील पहिला बर्ड फ्लू उद्भवला तो ह्याच नवापुरात. साथ रोखण्यासाठी लाखो पक्षी मारण्यात आले, त्यांत मोठ्या पोल्ट्रीतील कोंबड्यांबरोबर झोपड्यांच्या परसातल्या कोंबड्याही होत्या. साथीपुढे दुसरा इलाज नव्हता. परंतु ज्या वाणाचे घर चारदोन तालुक्यांपुरतेच आहे, त्याच्या दृष्टीने अशी एक साथ म्हणजे काय, ह्याचा विचार वाचकांनी करावा. धान्याचे बी पेटीत ठेवून वर्षांनी पेरता येते. कोंबडीचे अंडे, त्यातील मोठ्या बलकामुळे, गोठवून राखता येत नाही. कोंबड्याचे वीर्य गोठविता येते, पण त्याने फळणारी अंडी फार कमी निघतात. सबब सामान्य माणसाच्या हाती वाण राखण्याचा एकच उपाय राहतो : जिवंत पक्षी, आणि तेही एकापेक्षा अधिक गावांत.

तिसरा मार्ग फॅशनचा. झाबुआकडील भिल्ल-भिलालांनी सांभाळलेल्या काळ्या मांसाच्या कडकनाथास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लगेच आपल्याकडेही कोंबडीज्वर चढला, आणि २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांचे पैसे एका कडकनाथ योजनेत बुडाले. त्यात पक्ष्याचा काय दोष? पैसा दुप्पट करून देणारा पक्षी अद्याप ब्रह्मदेवाने निर्माण केलेला नाही.

शौकिनांचेही काही दोष सांगितले पाहिजेत. आखूड चोचीच्या टंबलर कबुतराची चोच निवडीने इतकी लहान करण्यात आली की, पिलास कवच फोडता येईना आणि माणसाने हात द्यावा लागे. लोटनास हलवून जमिनीवर सोडले की ते उचलून घेईपर्यंत गडबडा लोळते. ह्यात आम्हांस सौंदर्य दिसत नाही. तसेच चौकात पोत्याने दाणे टाकून पारवे जमविणे म्हणजे वाण राखणे नव्हे. मुंबईतील कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये जो वाद माजला त्याच्याशी ह्या शौकाचा संबंध नाही. मात्र विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने फुप्फुसाचा विकार होऊ शकतो, हे घरच्या ढाबळीबाबतही तितकेच खरे. ढाबळ झाडताना नाकतोंड झाकावे, आणि दमेकऱ्याने तर ह्या वाटेस जाऊच नये.

इंग्लंडात दुर्मीळ वाणांच्या रक्षणासाठी १९७३ मध्ये स्वतंत्र संस्था निघाली. आपल्याकडे तेवढ्याकरिता थांबण्याचे कारण नाही. तीन गावांतील तीन घरे पुरतात. प्रत्येक घरी एकाच वाणाच्या आठदहा कोंबड्या आणि दोन कोंबडे असावेत. दरवर्षी पहिल्या घरी निपजलेले कोंबडे दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, तिसऱ्याचे पहिल्याकडे जावेत. तलंगा मात्र जेथल्या तेथेच राहाव्यात. एवढ्याने जवळच्या नात्यातील जोड्या पुष्कळ टळतात आणि एका गावी साथ आली तरी दोन गावी बीज शिल्लक राहते. नवा पक्षी आणल्यावर महिनाभर वेगळा ठेवावा. पायात क्रमांकाचे कडे घालावे, वहीत आईबापांचे क्रमांक लिहावेत, आणि खुडूक कोंबडीखाली ठेवावयाच्या प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख टाकावी. शाईने टाकू नये. ती कवचात मुरते.