टॉलस्टॉय फार्मवरील शाळा व वर्ध्याची शिक्षणयोजना

मूलोद्योगी शिक्षणाची योजना इ. स. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथील परिषदेंत पुढें आली, हें सर्वश्रुत आहे. तिचें बीज दक्षिण आफ्रिकेंतील टॉलस्टॉय फार्मवरील शाळेंत होतें, असेंही सांगण्यांत येतें. हें विधान खरें असलें तरी अपुरें आहे. त्या शाळेंतील कोणता अंश योजनेंत उतरला व कोणता राहून गेला, याचा निर्णय करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शाळेविषयींचीं मुख्य साधनें दोन: गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेंतील सत्याग्रहाचा इतिहास आणि त्यांची आत्मकथा. पहिल्याचा आरंभ नोव्हेंबर १९२३ मध्यें येरवड्याच्या तुरुंगांत झाला. दुसरी १९२५ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. म्हणजे दोन्ही साधनें घटनेनंतर दहाबारा वर्षांनीं, मुख्यतः स्मरणावरून आणि खुद्द चालकाच्या हातून तयार झालेलीं. अशा साधनांत लेखक आपली उणीव सांगतो तेथें त्याचें कथन अधिक विश्वसनीय मानावें. सुदैवानें अशीं स्थळें येथें थोडीं नाहींत.

हर्मन कॅलनबॅक या स्थपतीनें जोहान्सबर्गपासून २१ मैलांवरील आपली सुमारें ११०० एकर जमीन १९१० सालीं सत्याग्रही कुटुंबांस विनामूल्य वापरावयास दिली. तुरुंगांत गेलेल्यांच्या बायकामुलांचा निर्वाह थोड्या पैशांत चालविणें हें वसाहतीचें मूळ प्रयोजन. मुलें तेथें आलीं, म्हणून शाळा निघाली. नोकर ठेवावयाचा नाहीं असा नियम असल्यामुळें स्वयंपाकापासून मैला साफ करण्यापर्यंत सर्व कामें वसाहतवाल्यांनींच करावयाचीं. मुलें खड्डे खणीत, लांकडें तोडीत, ओझीं वाहत. कॅलनबॅक ट्रॅपिस्ट पंथाच्या मठांत जाऊन चपला करावयास शिकून आले. त्यांच्यापासून गांधीजी शिकले व गांधीजींपासून इतर. सुतारकामाचाही वर्ग होता. अक्षरशिक्षण दुपारीं जेवणानंतर चाले. हिंदी, तमिळ, गुजराती व उर्दू या भाषा शिकविल्या जात. पण सकाळच्या श्रमांनीं गुरु व शिष्य दोघेही पेंगत. डोळ्यांवर पाणी मारूनही कित्येकदां झोंप हटत नसे. एका दांडग्या मुलास आपण रूळ मारला व त्याचा आपणांस पश्चात्ताप झाला, हेंही गांधीजींनींच नमूद केलें आहे.

या सर्वांत एक नियम विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. शिक्षक जें काम स्वतः करीत नाहीं, तें मुलांस सांगावयाचें नाहीं. आणि मुलें काम करीत असतां शिक्षकानेंही त्यांच्याबरोबर राबावयाचें.

आतां वर्ध्याकडे वळूं. परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें ७ ते १४ वयाच्या मुलांसाठीं अभ्यासक्रम आंखला. रोजच्या ५ तास ३० मिनिटांपैकीं ३ तास २० मिनिटें हस्तोद्योगास दिलीं. उद्योगाच्या उत्पन्नांतून शिक्षकाचें वेतन निघावें, ही गांधीजींची अपेक्षा. प्रा. के. टी. शहा यांनीं परिषदेंतच तीस हरकत घेतली. आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक हेतु मागें पडेल, असा धोका खुद्द समितीनेंही आपल्या अहवालांत दाखविला.

फार्मवर हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. चपलांचे कांहीं जोड मित्रमंडळींत विकले जात हें खरें. परंतु शिक्षक मुलांच्याच पंक्तीस जेवणारे व त्यांच्याच बरोबर राबणारे असल्यामुळें त्यांच्या वेतनाचा हिशेब मुलांच्या कामावर बसत नसे. वर्ध्याची योजना मात्र प्रांतोप्रांतींच्या पगारी शिक्षकांकरितां होती. तास ठरवितां येतात, सूत मोजतां येतें. शिक्षकानें मुलाशेजारीं बसून राबावें, हें फर्मानानें घडवितां येत नाहीं. सेवाग्राम येथें आशादेवी व आर्यनायकम् यांनीं सहजीवनावर भर दिला, तेथें हा अंश बराच टिकला. पण तीही एक लहान वसाहतच होती.

तात्पर्य, फार्मवरील हस्तोद्योग वर्ध्याच्या योजनेंत उतरला. शिक्षकाचें सहश्रम, ज्याच्या बळावर तो उद्योग शिक्षण ठरत होता, तें उतरूं शकलें नाहीं. योजनेच्या पुढील यशापयशाची चिकित्सा करणारांनीं टकळी व तास यांच्या आधीं या एका गोष्टीचा शोध घ्यावा, असें आम्हांस वाटतें.