'इंटेल की एएमडी?' या प्रश्नामागचा इतिहास

लेकीसाठी घरीच कॉम्प्युटर जोडतोय. दुकानदाराने विचारलं, "इंटेल की एएमडी?" मंडळी, हा प्रश्न आज विचारता येतो तो एका गिऱ्हाईकाच्या हट्टामुळे.

१९८१ च्या पीसीसाठी आयबीएमने इंटेलचा ८०८८ निवडला, पण एकाच पुरवठादारावर विसंबायची तिची तयारी नव्हती. म्हणून १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला. पुढे दोघांत कोर्टकज्जे झाले, तरी एएमडी टिकली. २०१७ मध्ये तिचा आठ कोअरचा रायझन आला. मग घरगुती डेस्कटॉपला वर्षानुवर्षं चारच कोअर देणाऱ्या इंटेलने त्याच वर्षी सहा दिले.

मी यंदा रायझन घेतला. पुढच्या वेळी इंटेलही घेईन. सरकारी टेंडरमध्ये एकच पुरवठादार उरलेला दिसला, की आयबीएमची ही अट मात्र जरूर आठवा.