शारदासदनाचे उघडे दार

परधर्मीयांनी आरंभिलेल्या सेवाकार्याकडे समाज नेहमीच दोन नजरांनी पाहत आला आहे. एका नजरेला शाळा, दवाखाना, अनाथांचे छत्र दिसते. दुसरी नजर त्यामागचा हेतू शोधीत राहते. महाराष्ट्रात हा शोध सर्वांत कडवट झाला तो पुण्यात, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनासंबंधी. त्या वादाची हकीकत आज पुन्हा पाहण्याजोगी आहे. कारण त्यात दोन्ही पक्षांकडे थोडे थोडे सत्य होते.

पुणेकरांचा संशय निराधार नव्हता. मुंबईत १८३९ साली डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी तरुणांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. पुढे १८४३ मध्ये नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणाने तोच मार्ग धरला, तेव्हा त्याच्या धाकट्या भावाचा ताबा कोणाचा यावरून मोठी खळबळ उडाली. शिक्षण हे धर्मांतराचे प्रवेशद्वार आहे, ही धास्ती तेव्हापासून लोकांच्या मनात घर करून होती.

रमाबाई स्वतः १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. पुढे त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांची, विशेषतः बालविधवांची दैना त्यांनी तेथील लोकांपुढे मांडली आणि त्यांच्या साहाय्यार्थ १८८७ मध्ये बोस्टन येथे एक मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाने दहा वर्षे खर्च चालविण्याचे पत्करले. अट अशी की, संस्थेत कोणत्याही धर्माची शिकवण दिली जाऊ नये. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी माणसे त्याच्या सल्लागार मंडळात होती. मुलींना आपापल्या जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती.

ठिणगी मात्र बाहेरून पडली. सदनातील काही विधवांना ख्रिस्ती धर्माची ओढ लागली आहे, असे वृत्त न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने १८८९ च्या अखेरीस छापले. दूरच्या वाचकांना उत्तेजन देणारे हे चार शब्द पुण्यात पुरावा म्हणून वाचले गेले. टिळकांच्या ‘केसरी’ने सदनाच्या उद्देशावर सतत झोड उठविली. मिशनऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेणारे सारे सनातनीच होते, असेही नव्हे. १८९० मध्ये पंचहौद मिशनात चहा घेतल्यामुळे रानडे आणि टिळक या दोघांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला होता.

वादाचे मर्म एका दाराशी येऊन ठेपते. रमाबाई आपल्या कन्येसह खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. मुली आपण होऊन आत येऊन बसत. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणास बोलावीत नाही, तशीच कोणास हाकलूनही देणार नाही; मला माझा धर्म पाळण्याची जी मुभा आहे, तीच मुलींनाही आहे. सल्लागारांना हे पटले नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी संस्थेशी असलेला संबंध सोडला. पाठोपाठ अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

कोणाचे बरोबर होते? ज्या मुलीस जगात दुसरा थारा नाही, तिच्यावर मायेने पालन करणारीच्या श्रद्धेचा प्रभाव पडणारच. त्यास निखळ स्वातंत्र्य म्हणणे कठीण आहे. रानड्यांचा आक्षेप म्हणूनच क्षुल्लक नव्हता. परंतु त्या मुलीस दुसरा थारा नव्हता, हा दोष रमाबाईंचा नव्हता. ज्या घरांनी तिचे केशवपन करून तिला माजघराच्या कोपऱ्यात बसविले, त्यांच्या हेतूची चौकशी करण्यास कोणी लेखणी उचलली होती? उचललीच असेल, तर ती थोड्या सुधारकांनी.

वादाचे परिणाम दोन झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगावी ‘मुक्ती’ची संस्था उभी राहिली. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत संपली होती. तटस्थतेचे बंधनही उरले नव्हते. केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. ज्याची भीती होती तेच घडले, आणि ते घडण्यास हिंदू सल्लागारांचे दूर होणे काही अंशी साहाय्यभूत झाले.

दुसरा परिणाम अधिक आशादायक आहे. शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या वर्धापनदिनीच झाला. याच कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्यास गेला. त्याच्या मंडळीचे अध्यक्षपद डॉ. भांडारकरांनी स्वीकारले, आणि आनंदीबाई झालेल्या गोदूबाईंनी त्यासाठी दारोदार वर्गणी गोळा केली. धर्मांतराच्या भयाला दिलेले याहून समर्पक उत्तर कोणते असू शकेल?

दुसऱ्याच्या हेतूची परीक्षा करण्याचा अधिकार समाजाला आहेच. तो अधिकार शोभतो मात्र त्यालाच, जो निराश्रितासाठी आपलेही दार उघडतो. कर्व्यांनी ते उघडले, म्हणून ‘केसरी’तील वादंगापेक्षा हिंगण्याची ती झोपडी अधिक काळ टिकली.