चक्कीचं पाणी

आमच्या गल्लीत लाइट गेली की मिनिटभरात सगळी गल्ली बाहेर येते. कोणी मीटरपेटी उघडतं, कोणी तक्रारीचा फोन लावतं, कोणी पलीकडच्या गल्लीत आहे का बघून येतं. पाण्याची पाळी एक दिवस पुढं गेली तर मात्र आम्ही ड्रममध्ये डोकावतो आणि टँकरवाल्याचा नंबर शोधतो. महिन्याला युनिट किती पडले हे घरोघरी ठाऊक असतं. रोज पाणी किती लागतं, असं विचारलं तर ‘दीड ड्रम’. सरकारचंही तसंच. राज्यात वीज नियामक आयोग १९९९ मध्ये आला, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्ये.

आमच्या शहरात हे दोन विषय वेगळे नव्हते, श्रोतेहो. लहानपणी शुक्रवारच्या नमाजनंतर आजोबा मला बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळच्या पाणचक्कीवर नेत. उत्तरेच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून येतं, भिंतीतून उंच चढतं आणि हौदात कोसळतं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांचं, विद्यार्थ्यांचं, वाटसरूंचं पीठ दळलं जायचं. हौदाच्या खाली एक मोठं दालन आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळं ते भर उन्हाळ्यात गार. आजोबा वजू करताना नळाची धार करंगळीएवढी ठेवत आणि माझी धार मोठी दिसली की नुसतं माझ्याकडं बघत. ते बघणं अजून आठवतं.

चक्की १८ व्या शतकातली, पण विद्या त्याआधीची. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली. पुढं तेच औरंगाबाद झालं, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नवं शहर वसवायचं तर आधी पाणी हवं, हे त्या लढवय्याला कळत होतं. १६१७ च्या सुमारास त्यानं नहर-ए-अंबरी बांधली. डोंगरात मुरलेलं पाणी भुयारी नहरीत झिरपायचं आणि निव्वळ उतारावर शहरात यायचं. वाटेत हवेचा दाब सांभाळायला पोकळ बंबे उभारले. त्यातले काही अजून उभे आहेत. लोक त्यांना पडकी बुरुजं समजतात.

मग जायकवाडी आलं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. धरणाचं पाणी नळाला आलं तेव्हा आईनं नळाला हळदकुंकू लावलेल्या शेजारणीबरोबर पेढे वाटले होते. शहर एवढं वाढलं की नहरींवर ते भागलंही नसतं, हे मान्यच करायला हवं. पण पैठणहून शहर शंभर मीटरहून उंच आणि पन्नासेक किलोमीटर लांब. ते पाणी विजेच्या पंपांनी चढवावं लागतं. तिकडं वीज गेली की इकडं पाळी हुकते. म्हणजे नळाचं पाणी ही आता वीजच आहे, फक्त ती बिलात दिसत नाही.

एकदा धरण भरोशाचं झालं आणि घरच्या पाण्याची किंमत गेली. आड बुजवले, त्यांवर दुकानं चढली. पाया खणताना, रस्ते उकरताना नहरी फुटल्या. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा देशभर बातमी झाली. पाऊस पडला, बातमी संपली.

परवा नातीला पाणचक्कीवर नेलं. कोसळणारं पाणी बघून तिनं विचारलं, “नाना, मोटर कुठं लपवलीय?” म्हटलं, मोटर नाही बेटा, डोंगराचा उतार आहे. ती म्हणाली, “मग लाइट गेली तरी पडतं?” मी हो म्हणालो आणि डोंगर दाखवायला उत्तरेकडं बोट केलं. मधल्या इमारतींमुळं तो दिसला नाही.