देव शेतात पाहणारी बहिणाबाई



पेरणीच्या दिवशी आपण तिफणीला हळदीकुंकू लावतो, नारळ फोडतो आणि काळ्या आईच्या पाया पडतो. त्यासाठी पोथी लागत नाही. माती, पाऊस आणि बी यांच्यात देव पाहून त्याचे गुण गाण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. आज तिचाच थोडा इतिहास सांगते.

तेराव्या शतकात सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावी संत सावता माळी होऊन गेले. त्यांनी आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठोबा पाहिला. ते पंढरीला गेले नाहीत, विठोबाच त्यांना भेटायला मळ्यात आला, अशी कथा सांगतात. १२९५ साली त्यांनी समाधी घेतली. त्यांचे अभंग वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले.

पण शेतात राबणाऱ्या बाईने देवाचे गुण गायले, तर ते कोण जपणार? याचे उत्तर बहिणाबाई चौधरींच्या आयुष्यात सापडते.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोदे गावातला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला आल्या. तरुणपणीच नवरा गेला. पदरात तीन लेकरे, वर घरचे आणि शेतातले काम. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही. लिहिता-वाचता येत नव्हते. पण जात्यावर बसल्या की, शेतात गेल्या की, गाणे आपोआप ओठांवर यायचे. तेही आपल्या लेवा बोलीत.

त्यांचे ‘देव अजब गारोडी’ हे गाणे आठवा. गारोडी म्हणजे गारुडी, जादूचे खेळ करणारा. बी मातीच्या कुशीत झोपते आणि एक दिवस कोंब वर येतो. त्या कोंबाची दोन पाने बहिणाबाईंना जोडलेल्या हातांसारखी दिसतात. पुढे पाने वाऱ्यावर हलतात, तेव्हा पीकच देवाचे भजन करते आहे आणि सगळीकडे भरभराट होऊ दे म्हणून विनवते आहे, असे त्यांना वाटते. आपण उगवण पाहायला जातो तेव्हा नांगे किती पडले ते मोजतो. तेही करावेच लागते. बहिणाबाईही शेतकरीणच होत्या, दुबार पेरणीची धास्ती त्यांना आपल्याइतकीच ठाऊक असणार. तरीही त्या कोंबापाशी थांबल्या आणि त्यांना नवल वाटले.

सुगरणीच्या खोप्यावरही त्यांचे गाणे आहे. एवढासा पक्षी नुसत्या चोचीने झाडाला टांगलेले घर विणतो. मग देवाने दोन हात आणि दहा बोटे दिलेल्या माणसाने काय करावे? देवाचे कौतुक करता करता बहिणाबाई आपल्यालाही कामाला लावतात.

ही गाणी आपल्यापर्यंत पोचली, कारण त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव, आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती ऐकून कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. म्हणजे आपले पुस्तक त्यांनी स्वतः कधी पाहिलेच नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

घरात लिहिणारे कोणी नसते, तर? तर ही गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती. अशा किती जणींची गेली असतील! गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेच्या दळणाचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण जात्याबरोबर ओवीची जागाही गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढे धन साध्या बायांच्या तोंडी होते. आपल्या गावातले अजून कोणी विचारलेले नसेल.

म्हणून एक काम सुचवते. पुढच्या मासिक सभेत बचतीचे हिशेब झाले की गटातल्या सर्वांत वयस्कर आजीला एक ओवी म्हणायला सांगा. पावसाची, पाखराची, पिकाची, कोणतीही चालेल. मोबाईलवर आवाज भरून घ्या आणि वेगळ्या वहीत लिहा. आजी जशी बोलेल तसेच लिहा, शब्द ‘शुद्ध’ करू नका. बहिणाबाईंची बोली कोणी सुधारत बसले असते, तर त्या गाण्यांत काय उरले असते? ओवीखाली आजीचे नाव, तिचे माहेर आणि तारीख न विसरता घाला.

हे काम पुढच्या सभेतच करा. आज्या थकत चालल्या आहेत.